समुद्र बघायला येताय? आधी तिथी बघा

ताई, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: लातूरहून पाच जण येताय, सासू-सासरे सत्तरीच्या आसपासचे, तुम्ही दोघं आणि नऊ वर्षांचा मुलगा. डिसेंबरअखेर किंवा जानेवारीत चार दिवस मुंबई. सासूबाईंनी आजवर समुद्र पाहिलेला नाही, त्यांचे गुडघे दुखतात, सासऱ्यांना ऊन सोसत नाही, आणि मुलाला भरपूर बोटी हव्यात. घरात माळ आहे, म्हणजे मासळी नाही. आणि तुम्ही एक यादी पाठवली आहे, गेटवे, जुहू, हाजीअली, घारापुरी, अलिबाग, फ्लेमिंगो, आणि विचारलंय की ही चार दिवसांत कशी बसवायची.

मी चोवीस वर्षं लोकांना मुंबई पाण्यावरून दाखवते आहे. माझं पहिलं सांगणं हेच की यादी बाजूला ठेवा आणि घरातली दिनदर्शिका काढा. मुंबईत पाणी बघायला येणाऱ्याचा दिवस घड्याळावर चालत नाही, भरती-ओहोटीवर चालतो. इथे पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं, आणि उधाणाच्या दिवसांत चढ-उतारातलं अंतर चार मीटरच्या वर जातं. म्हणजे एका मजल्याहून जास्त. सकाळी जिथे मुलं क्रिकेट खेळत होती तिथे दुपारी पाणी असतं. हाजीअलीची वाट मोठ्या भरतीला पाण्याखाली जाते. तुमच्या यादीतली निम्मी ठिकाणं चुकीच्या तासाला गेलात तर दिसणारच नाहीत, किंवा दिसतील पण त्रास देतील.

वेळ काढायची कोळ्यांची रीत सोपी आहे. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. दुपारची भरती काढली की साधारण सव्वासहा तास मागे-पुढे ओहोटी, आणि जवळजवळ साडेबारा तासांनी पुन्हा भरती. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी मोबाइलवर मुंबईचं भरतीचं वेळापत्रक बघून घ्यायचं. पण दोन महिने आधी रेल्वेचं आरक्षण करताना ही पाऊणकी पुरते.

दुसरी गोष्ट, पाणी किती चढतं-उतरतं तेही तिथीवरच. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, तेव्हा भरती खूप वर आणि ओहोटी खूप खाली. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी धड पुरतं चढतही नाही आणि पुरतं ओसरतही नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हा फरक किती मोठा आहे ते पुढे सांगते.

हे सगळं मी एका चुकीतून शिकले. कामाला लागून तीन-चार वर्षं झाली होती. सोलापूरकडचं एक मोठं कुटुंब होतं, सतरा माणसं. त्यांना अलिबागचा कुलाबा किल्ला दाखवायचा होता आणि तो दिवस पौर्णिमेचा होता. मी बोट, बस, जेवण सगळं चोख ठरवलं, फक्त तिथी बघितली नाही. साडेअकराला किनाऱ्यावर पोचलो तर किल्ला चहूबाजूंनी पाण्यात. ओहोटी संध्याकाळी सहाला, आणि आमची परतीची बोट त्याच्या आधीची. त्यांच्यातल्या आजी वाळूत बसून दिवसभर त्या तटबंदीकडे बघत राहिल्या. किल्ल्यात गणपती आहे असं मीच त्यांना बोटीत सांगितलं होतं आणि त्यांनी घरून दूर्वांची जुडी ओल्या फडक्यात बांधून आणली होती. ती जुडी त्यांनी शेवटी पाण्यात सोडली. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून मी तिथी बघितल्याशिवाय कुणाची तारीख घेत नाही.

तुमच्यासाठी मी असं बसवेन: चतुर्थीला मुंबईत उतरा, पंचमीला अलिबाग, षष्ठीला ठाण्याची खाडी, सप्तमीला घारापुरी, आणि त्याच रात्री परतीची गाडी. महिन्यातून दोनदा हा योग येतो. एखादी तिथी क्षय किंवा वृद्धी झाली तर एक दिवस इकडे-तिकडे सरकवा. त्यात दोनच अटी. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, तेव्हा सप्तमी सोमवारी नको. आणि अलिबागचा दिवस शनिवार-रविवार नको, कारण त्या दोन दिवसांत मांडव्याच्या, म्हणजे अलिबागच्या वाटेवरच्या धक्क्याच्या, बोटींना अर्धी मुंबई असते. नाताळ ते एक जानेवारी हा आठवडा तर सोडूनच द्या. जानेवारीचा दुसरा किंवा तिसरा आठवडा मला सर्वांत आवडतो. हवा कोरडी, पहाटे थोडा गारवा, समुद्र शांत. पावसाळ्यात यायचा विचार कधी मनात आला तर लक्षात ठेवा, जून ते ऑगस्ट गेटवे-मांडवा लाँच बंद असतात आणि पाण्यावरची ही मुंबई तुम्हाला मिळणार नाही.

मुक्काम दक्षिणेकडेच करा, फोर्ट, सीएसएमटी किंवा गिरगाव. उपनगरात खोली स्वस्त मिळते हे खरं, पण तुमच्या दोन बोटी सकाळी गेटवेवरून सुटणार आहेत, आणि सकाळच्या लोकलमध्ये सासूबाईंना चढवायचं म्हणजे सहलीचा पहिला तास धास्तीत जाणार. तुमची गाडी सकाळी सीएसएमटीलाच उतरवते, तिथून काळी-पिवळी टॅक्सी करा.

पहिला दिवस हलका ठेवा. आंघोळ, जेवण, झोप. चारला वाळकेश्वरला बाणगंगेवर जा. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असलेलं हे तळं गोड्या झऱ्याचं आहे, मूळ शिलाहारांच्या काळातलं, आणि १७१५ मध्ये रामा कामत यांनी ते पुन्हा बांधून घेतलं. लातूरच्या माणसाला पाण्याची किंमत मी काय सांगावी. तुमच्याकडे २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं. म्हणूनच मला वाटतं की सासऱ्यांना ही जागा लागेल. खाली उतरायची गरज नाही, वरच्या पायरीवर बसलं तरी सगळं तळं दिसतं.

तिथून साडेपाचच्या सुमारास गिरगाव चौपाटी. सासूबाईंना समुद्र पहिल्यांदा इथेच दाखवा, गेटवेला नाही. गेटवेला दगडी कठडा, गर्दी, फोटोवाले आणि समोर बंदरातलं थांबलेलं पाणी. चौपाटीला वाळू आहे, लाट पायापर्यंत येते, आणि जानेवारीत सव्वासहा-साडेसहाला सूर्य समोर उतरतो. चतुर्थीला तीनची भरती होऊन पाणी मागे जात असेल, म्हणजे ओली सपाट वाळू मिळेल, चालायला घट्ट. चपला हातात घ्या, त्यांना घाई करू नका, आणि त्या वेळी फोटो काढू नका. मी पाहिलंय, पहिल्यांदा समुद्र बघणारी म्हातारी माणसं बहुतेक एकच करतात. वाकून बोट बुडवतात आणि जिभेला लावून बघतात, खरंच खारट आहे का.

मुलाला मात्र गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ देऊ नका. पाणी मागे जात असताना पायाखालची वाळू ओढली जाते आणि लहान मूल पटकन बसतं. तिथे जीवरक्षक असतात, त्यांनी शिट्टी मारली की निमूट बाहेर.

एक सावधगिरी. चतुर्थी कृष्ण पक्षातली असेल तर ती संकष्टी, आणि प्रभादेवीला सिद्धिविनायकाची रांग त्या दिवशी कित्येक तासांची असते. दर्शन घ्यायचंच असेल तर दुसऱ्या दिवसावर ढकला.

पंचमीचा दिवस सगळ्यांत काटेकोर आहे. भरती पावणेचारला, म्हणून ओहोटी सकाळी साडेनऊच्या आसपास, आणि कुलाबा किल्ला त्याच सुमाराला करायचा आहे. गेटवेवरून सकाळच्या पहिल्या बोटींपैकी एक पकडा. तासाभरात मांडवा, आणि तिकिटातच जोडलेल्या बसने अलिबाग. तिकीट खिडकीवरून किंवा कंपनीच्या अधिकृत साइटवरूनच घ्या, वाटेत गाठणाऱ्याकडून नको. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रोसुद्धा जाते, २०२० पासून. ती मोठी आहे, हलत कमी, गाडीसकट चढता येतं. स्वतःची गाडी घेऊन येणार असाल तर तीच बरी. तुम्ही रेल्वेने येताय, म्हणून गेटवे.

अलिबागच्या किनाऱ्यावर ओहोटीला घोडागाड्या उभ्या असतात. सासू-सासऱ्यांना त्यात बसवा, तुम्ही तिघं चालत जा. वाट ओल्या वाळूची आणि मध्येमध्ये खडकांची आहे, पंचमीला कुठे कुठे घोट्याएवढं पाणीही राहतं, म्हणून चालताना मागे पट्टा असलेल्या सँडल हव्यात. स्लीपर चिखलात राहते. शिवाजी महाराजांनी उभारलेला आणि पुढे कान्होजी आंग्रे यांचा मुख्य तळ झालेला हा किल्ला आत शिरल्यावर मोठा वाटत नाही, पण चारी बाजूंनी समुद्र असून आत गोडं पाणी आहे, ते मुलाला आवर्जून दाखवा. गणपतीचं दर्शन घ्या. अकराच्या आत किल्ल्याच्या दरवाजाबाहेर या. घोडागाडीवाला घाई करू लागला तर त्याचं ऐका, पाणी कुठल्या बाजूने आधी भरतं ते त्याला रोज दिसतं.

जेवणाआधी कुठे पोपटी मिळते का विचारा. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून वालाच्या शेंगा, बटाटे, वांगी भाजतात, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करतात. रायगडचा हा थंडीचा खास प्रकार, आणि मांसाहार न घालता केला तरी तितकाच चांगला लागतो. फक्त आधी सांगून ठेवायला हवं की मडकं वेगळं लावा, कारण बहुतेक ठिकाणी त्यात अंडी आणि कोंबडी घालतात. परतीची बोट दुपारी फार उशिराची घेऊ नका, कारण पाण्यावरचा वारा दुपारनंतर बदलतो.

वाऱ्याचं थोडं सविस्तर सांगते, कारण बोट लागण्याची भीती तुम्ही लिहिली आहे. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो, तेच इथे अंगावर येतात. रात्रीपासून सकाळपर्यंत जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा, तेव्हा बंदरातलं पाणी काचेसारखं. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि चार-पाचला बोट डुलायला लागते. धोका नसतो, पण पोटात ढवळतं. म्हणून नियम असा की जाणं सकाळी लवकर, येणं तीनच्या सुमारास. खालच्या डेकवर, मध्यापासून जरा मागे बसा, तिथे डोल सर्वांत कमी. मोबाइल बघायचा नाही, लांबच्या काठाकडे बघायचं. उपाशीपोटी चढायचं नाही आणि भरल्या पोटीही नाही. दोन पोळ्या-भाजी खाऊन अर्ध्या तासाने.

षष्ठीला विश्रांती घेत घेत ठाण्याची खाडी. सासूबाईंच्या गुडघ्यांना सर्वांत सोयीचा दिवस हाच, कारण चढ-उतार जवळपास नाही. ऐरोलीला वनखात्याचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून खाडीत बोट नेतात. ठाणे खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये रामसर पाणथळीच्या यादीत आली. बोटी भरतीच्या वेळेनुसार सुटतात, कारण ओहोटीला खाडीत नुसता चिखल उरतो. षष्ठीची भरती साडेचारची, म्हणजे तुम्हाला दुपार कलतानाची फेरी मिळेल, उतरत्या उन्हातली. जागा आधी राखून ठेवावी लागते. फोर्टहून टॅक्सीने ईस्टर्न फ्रीवे घेऊन जा, दीड तास हाताशी धरा.

इथे जरा रेंगाळते, कारण मला स्वतःला मुंबईतली ही जागा सर्वांत प्रिय आहे. दोन्ही बाजूंना कांदळवन, तिवरांची मुळं चिखलातून बोटांसारखी वर आलेली. त्या पलीकडे विजेचे मनोरे, पूल, इमारती. आणि मध्ये पाणी चढत असताना उरलेल्या चिखलाच्या पट्ट्यावर रोहित पक्ष्यांची, म्हणजे फ्लेमिंगोंची, दाटी. पाणी जसं वर येतं तसा पट्टा अरुंद होतो आणि ते एकमेकांना चिकटत जातात. चोच उलटी पाण्यात घालून डोकं सारखं डावीकडे-उजवीकडे हलवत असतात, चिखलातलं शेवाळ गाळून खातात, त्यातूनच त्यांना तो गुलाबी रंग येतो. नावाडी इंजिन बंद करतो तेव्हा हजारो चोचींचा एक बारीक बुडबुड आवाज ऐकू येतो. त्या वेळी मुलाला गप्प बसवायचं, आणि टाळी वाजवून पक्षी उडवा असं कुणी म्हटलं तर स्पष्ट नाही म्हणायचं. दुर्बीण असेल तर आणा. डिसेंबरपेक्षा जानेवारीत पक्षी जास्त असतात, माझा कल जानेवारीकडे आहे त्याचं हेही एक कारण.

सप्तमीला घारापुरी. ती भांगाच्या दिवसात मुद्दाम ठेवली आहे. गेटवेला बोटीत चढायचं म्हणजे दगडी पायऱ्या उतरून जायचं. उधाणाच्या ओहोटीला पाणी खूप खाली जातं, उघड्या पडलेल्या पायऱ्यांवर हिरवं शेवाळ असतं, आणि कधी एका बोटीतून दुसऱ्या बोटीत पाय टाकावा लागतो. भांगाला पाणी फार खाली जात नाही, म्हणून पायऱ्या कमी आणि कोरड्या. खलाशी हात देतो तेव्हा सासूबाईंना सांगा, त्याची बोटं नाही धरायची, मनगट धरायचं, आणि त्याने त्यांचं मनगट धरायचं. अशी पकड सुटत नाही. बोट वर येते त्या क्षणी पाय टाकायचा, खाली जाताना नाही. खलाशी "आता" म्हणेपर्यंत थांबायचं.

लाइफ जॅकेट प्रत्येकाला मागून घ्या आणि प्रवासभर घालूनच बसा. डिसेंबर २०२४ मध्ये याच मार्गावरच्या प्रवासी बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली आणि माणसं गेली. बोट काठोकाठ भरलेली वाटली तर चढू नका, पुढची घ्या. मुलाच्या मापाचं जॅकेट आहे का ते तिकिटाच्या वेळीच विचारा.

जाताना डाव्या बाजूला बसा. सकाळचं ऊन उजवीकडून येतं, आणि डावीकडे लांबवर २१.८ किलोमीटरच्या अटल सेतूची रेघही दिसते. येताना उजवीकडे बसा. एवढ्यानेच सासऱ्यांचं निम्मं ऊन वाचेल. उरलेल्यासाठी टोपी नको, वाऱ्याने उडते. उपरणं डोक्याला बांधा. पाण्यात मीठ-साखर घालून बाटल्या भरून घ्या. जानेवारीतही दुपारचं ऊन पाण्यावरून परतून डोळ्यांत येतं.

बेटावर धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे. पुढे सुमारे १२० पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं. सासूबाईंनी त्या चढायचा हट्ट करू नये. डोलीची खुर्ची मिळते, पैसे आधी ठरवा, जाऊन-येऊन असं स्पष्ट बोला. खाण्याच्या पिशव्या उघड्या ठेवू नका, माकडं हातातून ओढतात. मुख्य लेण्यात शिरल्यावर लगेच फोटो काढायला धावू नका. आतल्या अंधाराला डोळे सरावायला दोन मिनिटं द्या. मग समोरच्या भिंतीतून सदाशिवाची मूर्ती हळूहळू पुढे येते, तीन मुखं, माणसाच्या तिप्पट उंच. मधलं मुख मिटल्या डोळ्यांचं, शांत, एका बाजूचं उग्र, दुसऱ्या बाजूचं कोवळं. साधारण सहाव्या शतकातलं काम आहे हे, १९८७ पासून जागतिक वारसा. तुमच्या घरी भजन आहे, तेव्हा तिथे थोडा वेळ नुसतं बसा. बाकी लेणी नाही झाली तरी चालतील.

मुलाला सांगा की ज्या दगडी हत्तीवरून या बेटाला एलिफंटा म्हणायला लागले तो हत्ती आता बेटावर नाही, राणीच्या बागेत आहे. परत आल्यावर वेळ उरला तर तो बघून सीएसएमटी गाठता येईल.

यादीतलं जुहू मी काढलं आहे. चौपाटी एकदा झाली की पुरे, आणि फोर्टहून तिथे जाण्यायेण्यात तुमचा अर्धा दिवस टॅक्सीत जाईल. हाजीअली येता-जाता कोस्टल रोडवरून दिसेल. मुलाची बोटींची हौस फिटली नसेल आणि पाचवा दिवस काढता आला तर वर्सोव्याहून मढला जाणारी 'तर', म्हणजे खाडी ओलांडणारी बोट, आहे. पाच मिनिटांचा प्रवास, लोक मोटारसायकली घेऊन चढतात. पर्यटनाची बोट नव्हे ती, लोकांची रोजची वाट आहे, आणि त्याला तीच सर्वांत आवडेल असं मला वाटतं.

आता दिनदर्शिकेत जानेवारीतली चतुर्थी शोधा, दोन सापडतील. त्यातल्या जिच्यापुढची पंचमी आठवड्याच्या मधल्या दिवशी येते ती धरा, आणि आरक्षण करण्याआधी सप्तमीचा वार पुन्हा एकदा बघा.